सुभेदारांची पेन्शन आणि आमची मुले

आपल्या समाजाचा इतिहास सांगावयास बसले की आपण नौगावच्या किनाऱ्यापासून सुरुवात करतो. फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेले 'शनवार तेली' हे नाव, हे सारे आपल्या मुलांनाही तोंडपाठ आहे, मग ती ते हिब्रूत का सांगेनात. त्यानंतर आपण मुंबईला येतो. कंपनी सरकारच्या पलटणीत आपले लोक शिपाई झाले, सुभेदार झाले, असे सांगताना छाती थोडी फुगवतो आणि पुढच्या गोष्टीकडे वळतो. परंतु पलटणीत गेलेला माणूस परत आल्यावर त्याचे काय झाले, त्याने कशावर दिवस काढले, त्याच्या बायकामुलांना कोणी विचारले, याविषयी आपण फारसे बोलत नाही.

हा लेख लिहावयास कारण घडले ते असे. गेल्या वर्षी ओळखीच्या एका घरी आम्ही एलियाहू हन्नबीच्या मलिद्याला गेलो होतो. घरचा मुलगा मिलुइमची चाकरी संपवून सुखरूप परत आला, म्हणून नवस फेडावयाचा होता. पोहे भिजवलेले, खोबरे किसलेले, पाच फळे ताटात मांडलेली. सर्वांनी मिळून प्रार्थना म्हटली. मुलगा आला, 'आमेन' म्हणाला, ताटातील खजूर हातात घेतला आणि न खाता आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसला. पाहुणे जेवून गेले तरी तो बाहेर आला नाही. भांडी विसळताना त्याची आई आम्हांस हळूच म्हणाली, "सिस्टर, हात-पाय सगळे शाबूत आहेत हो. मग याला झालंय काय?"

हाच प्रश्न आम्हांस १९८२ साली दुसऱ्या एका आईने विचारला होता आणि त्या वेळी आम्ही चुकीचे उत्तर दिले होते. म्हणून या खेपेस उत्तर देण्यापूर्वी आम्ही थांबलो. ते उत्तर काय, ते पुढे येईलच. परंतु त्याची मुळे आपल्या समाजाच्या जुन्या पेन्शनरांच्या गोष्टीत आहेत, म्हणून आधी तिकडे जाऊ.

व्रणाची नोंद

आमच्या आजीचे आजोबा मुंबई आर्मीतील पेन्शनर जमादार होते. आम्ही माझगावला राहत असू तेव्हा आजी त्यांच्या गोष्टी सांगत असे. पेन्शनचा दिवस म्हणजे घरात सणाचा दिवस. म्हातारा पहाटे उठून स्नान करी, जुना कोट चढवी, बिल्ले लावी आणि चालत कचेरीत जाई. तेथील कारकुनापाशी एक कागद असे. त्यात माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, उंची, वर्ण आणि अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असत. एकाच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत म्हणून ही व्यवस्था. आजीच्या आजोबांच्या कागदावर डाव्या भुवईवरील व्रण लिहिलेला होता. कारकून मान वर करी, व्रण पाही आणि मग रुपये मोजी. आजी म्हणे, "त्या व्रणावर आमचं घर चाललं गं."

लहानपणी या वाक्याचे आम्हांस हसू येई. पुढे परिचारिका झाल्यावर ते अनेकदा आठवले.

त्या काळचे आकडे पाहिले म्हणजे पेन्शनचे मोल कळते. कंपनीच्या साध्या शिपायास महिना ७ रुपये पगार असे. राणीचे राज्य आले तरी कितीतरी वर्षे हा आकडा हलला नाही. १८९५ साली तो ९ रुपये झाला. पेन्शन तर त्याहून कमी, साध्या शिपायास महिना ४ रुपयांच्या घरात. तीही आपोआप मिळत नसे. वर्षानुवर्षे चाकरी केलेल्या शिपायास डॉक्टरांच्या मंडळापुढे उभे राहावे लागे आणि हा माणूस आता चाकरीस नाकाम आहे असे मंडळाने लिहून दिले म्हणजे पुढचा मार्ग मोकळा होई. देशी अधिकाऱ्यांना अधिक मिळे. १८३७ साली 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' हा मान सुरू झाला. त्याच्या पहिल्या वर्गातील सुभेदारास 'सरदार बहादूर' ही पदवी आणि रोज २ रुपये, दुसऱ्या वर्गातल्यास 'बहादूर' ही पदवी आणि रोज १ रुपया जादा मिळे. शिपायाचा महिन्याचा पगार ७ रुपये असताना दिवसाला २ रुपये म्हणजे केवढी रक्कम, याचा वाचकांनी हिशेब करावा.

आपल्या समाजातून असे सुभेदार, जमादार आणि सरदार बहादूर संख्येच्या मानाने पुष्कळ निघाले. हाईम शमुएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला आपला इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यात या देशी अधिकाऱ्यांविषयी त्यांनी अभिमानाने लिहिले आहे. अलिबाग, पनवेल, ठाणे, पुणे या ठिकाणच्या आपल्या वस्त्यांत पेन्शनर मंडळी असत. दर महिन्याला ठरलेला रोख पैसा येणारे घर त्या काळच्या कोकणात विरळाच. पाऊस पडो न पडो, त्या पैशावर मुलाला शाळेत ठेवता येई. घाण्यावर बसणाऱ्याचा नातू रेल्वेत, पोस्टात किंवा इस्पितळात नोकरीस लागला, यामागे मिशनच्या शाळा होत्या आणि १८७५ साली केहिमकरांनी काढलेली आपली इस्राएली शाळाही होती. परंतु फी भरण्यास आजोबांची पेन्शन होती, हे विसरून चालणार नाही.

सामाजी हसाजींचा नवस

आपल्यापैकी लढाईतून परत आलेल्या माणसांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे शमुएल यहेज्केल दिवेकर, ज्यांना सामाजी हसाजी म्हणत. कंपनीच्या पलटणीत ते अधिकारी होते. १७८० ते १७८४ च्या म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाचे कैदी झाले. टिपूच्या आईने हे 'बनी इस्राईल' आहेत हे ऐकून रदबदली केली, म्हणून ते वाचले अशी आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता असे सांगतात. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्यांनी 'शाअर हारहामीम' म्हणजे दयेचे द्वार हे प्रार्थनालय बांधले. आपण तिला जुनी मशीद म्हणतो. पुढच्याच वर्षी, १७९७ साली, ते कोचीन येथे वारले.

ही गोष्ट आपण नेहमी प्रार्थनालयाची गोष्ट म्हणून सांगतो. आम्हांस मात्र अलीकडे ती कैदेतून परत आलेल्या एका सैनिकाची गोष्ट म्हणून दिसू लागली आहे. कैदेत माणसाने काय भोगले, रात्री त्याला काय दिसे, ते कोणी लिहून ठेवले नाही. त्याने समाजाला इमारत दिली तेवढे आपण लक्षात ठेवले. समाजाने त्याला काय दिले, हे कोणी विचारले नाही. कदाचित दिलेही असेल. त्याच्याबरोबर दहा माणसे प्रार्थनेला उभी राहिली असतील आणि परत आलेल्या माणसास तेवढ्याने पुष्कळ आधार मिळतो.

अर्ज करणारे शेजारी

कोकणात पेन्शनर काही आपलेच नव्हते. दापोलीचा कॅम्प तर निवृत्त शिपायांचाच गाव. तेथे महार समाजाच्या पेन्शनरांची मोठी वस्ती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही चाकरी संपल्यावर काही काळ दापोलीस राहिले. १८९० च्या दशकात सरकारने पलटणी जातवार करावयास घेतल्या आणि महारांची भरती बंद झाली. तेव्हा दापोलीचे एक निवृत्त हवालदार, गोपाळ बाबा वलंगकर, यांनी आपल्या समाजाच्या पेन्शनरांच्या वतीने सरकारकडे अर्ज लिहिला. आमच्या बापजाद्यांनी चाकरी केली, आता आमच्या मुलांस दार का बंद, असा त्याचा आशय. लगेच काही झाले नाही. परंतु अर्ज पुन्हा पुन्हा होत राहिले, पुढच्या पिढीने ते काम उचलले आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

त्याच जातवार पद्धतीने आपलीही भरती आटली. आपली संख्या इतकी थोडी की एक कंपनीसुद्धा निव्वळ आपल्या लोकांची भरली नसती. आपण मात्र अर्ज केले नाहीत. आपण कचेऱ्यांकडे व इस्पितळांकडे वळलो. काही थोडे लष्करात जात राहिले. स्वतंत्र भारताच्या नौदलात व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन यांच्यासारखा आपला माणूस उंच पदास पोहोचला. परंतु पेन्शनर म्हणून एकत्र येऊन आपला हक्क मागण्याची सवय शेजाऱ्यांना लागली तशी आपल्याला लागली नाही, असे आम्हांस वाटते. ती सवय आपल्याला या देशात आल्यावर लागली आणि तीही वेगळ्याच कारणाने. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आपले लोक धरणे धरून बसले, कारण आपल्या लग्नांविषयी रब्बींच्या कचेऱ्यांतून शंका काढल्या जात होत्या. त्या वेळी आपली मुले या देशाच्या लष्करात चाकरी करीतच होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपल्या बाजूने ठराव केला. त्या वेळी आम्ही मुंबईत बिगरीत जाणारी मुले होतो. पण ज्या मावश्या तेथे बसल्या होत्या, त्यांच्या तोंडून आम्ही पुढे ते ऐकले. त्या म्हणत, एकटा माणूस कचेरीत गेला तर त्याला उद्या या म्हणतात, सगळे गेले तर खुर्ची देतात.

तेल अवीवला आलेला मराठी जवान

पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिक लाखांनी परदेशी गेले आणि हजारोंनी अपंग होऊन परतले. तेव्हा नुसत्या पेन्शनने भागणार नाही हे सरकारच्याही ध्यानात आले. १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांनी अपंग जवानांना हातचे काम शिकवण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढले. ते पुढे पुण्याजवळ खडकीस गेले. १९१९ साली सैनिकांच्या कल्याणासाठी मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. सैनिकाच्या विधवेस कागदपत्रे करून देणे, मुलांची फी, जमिनीचे तंटे, अशी कामे तेथे चालतात.

या संदर्भात एक गोष्ट वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिचा आपल्या या देशाशीही संबंध आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे भारतीय लष्करातील जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. त्यांना इस्पितळात पोहण्याची व खेळाची गोडी लागली. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी अपंग जवानांसाठी खटपट केली, पैसा उभा केला. १९६८ साली अपंगांचे ऑलिंपिक तेल अवीव येथे भरले, त्यात भारताने पहिल्यांदाच भाग घेतला आणि पेटकर तेथे टेबल टेनिस खेळले. पुढे १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. भारताला अशा स्पर्धांत मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी.

जखम दिसत होती, पदक दिसत होते, तरी एवढा काळ लागला. मग ज्याची जखमच दिसत नाही त्याचे काय?

या देशाचा कायदा

या देशात अपंग सैनिकांचा कायदा राज्य स्थापन झाल्यानंतर लगेच, १९४९ साली झाला. त्याच वर्षी अपंग सैनिकांनी आपली स्वतःची संघटना उभारली. १९५० साली धारातीर्थी पडलेल्यांच्या कुटुंबीयांचा कायदा आला. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन खाते, ज्याला आपण सारे 'शिकुम' म्हणतो, हे काम पाहते. डॉक्टरांचे मंडळ अपंगत्वाचा टक्का ठरवते. १० ते १९ टक्के ठरले तर एकदाच रक्कम मिळते. २० टक्के किंवा अधिक असेल तर महिन्याचे वेतन सुरू होते. त्याशिवाय औषधोपचार, शिक्षण, धंद्यासाठी मदत, घरात व गाडीत लागणाऱ्या सोयी, असे टक्क्यांप्रमाणे पुष्कळ मिळते. १९७४ साली तेल अवीवला पहिले 'बेत हालोखेम' उघडले. नंतर हैफा, जेरुसलेम आणि बेअरशेवा येथेही झाली. पोहण्याचा तलाव, व्यायाम, उपचार, चित्रकला, संगीत, सारे एका छपराखाली. आम्ही तेथे रुग्णांबरोबर गेलो आहोत. व्हीलचेअरवरचा बाप तलावात मुलाला पोहावयास शिकवीत आहे, हे तेथे नेहमीचे दृश्य.

शाबूत अंगाने चाकरी संपवून येणाऱ्यांसाठीही १९९४ चा कायदा आहे. त्याप्रमाणे मुलामुलींना रोख रक्कम आणि 'पिकादोन' म्हणजे ठेव मिळते. ती शिक्षण, लग्न, घर, धंदा अशा ठरावीक कारणांसाठी काढता येते.

म्हणजे कायदा चांगला आहे. परंतु कंपनीच्या काळापासून एक गोष्ट बदललेली नाही. हक्क आपल्या पायांनी चालत घरी येत नाही. अर्ज करावा लागतो, कागद जोडावे लागतात, डॉक्टरांच्या मंडळापुढे बसावे लागते आणि आपली जखम आपल्या तोंडाने सांगावी लागते. आजीच्या आजोबांच्या भुवईवर व्रण होता, कारकुनाने नुसते वर पाहिले की काम झाले. ज्याचा व्रण मनात आहे त्याने काय दाखवावे?

१९८२

आम्ही १९७७ साली, मुंबईत एस. एस. सी. झाल्यावर, आईवडिलांबरोबर या देशात आलो. येथेच परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९८२ च्या जूनमध्ये लेबनॉनचे युद्ध सुरू झाले तेव्हा नुकतेच कामाला लागलो होतो. उत्तरेकडील एका रुग्णालयात आम्हांस पाठवले. भाजलेले, पाय गेलेले, डोळे गेलेले जवान आम्ही पाहिले. त्यांच्याशी कसे वागावे हे आम्हांस शिकवलेले होते. परंतु काही मुलांच्या अंगावर ओरखडाही नसे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असत. 'हेलेम क्राव' हा शब्द १९७३ च्या युद्धानंतर सर्वांना माहीत झाला होता. तरी आम्ही तरुण परिचारिका आपसांत म्हणत असू, याच्या शेजारच्या खाटेवरच्याचे दोन्ही पाय गेलेत, तो हसतो, आणि याला काय धाड भरली आहे.

त्याच वर्षी सुटीवर गावी गेलो असता शेजारच्या मावशींनी आम्हांस स्वयंपाकघरात बोलावून घेतले. त्यांचा मुलगा लेबनॉनहून परत आला होता. रात्री झोपत नव्हता, दाराचा आवाज झाला की पलंगाखाली शिरत होता. मावशींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या, तेफिल्ला म्हणून झाली होती. त्यांनी विचारले, "तू तर नर्स आहेस, सांग ना, याला झालंय काय?" आम्ही बावीस वर्षांचे, पांढऱ्या गणवेशाचा अभिमान ताजा. आम्ही म्हणालो, "मावशी, काही झालेलं नाही. तरुण आहे. कामाला लागला, लग्न झालं, की विसरेल." आणि वर हेही म्हणालो, "कुठे बोलू नका, उगाच स्थळं येणार नाहीत."

त्याप्रमाणे तो गावातल्या कापडगिरणीत कामाला लागला. लग्न झाले, मोडले. नोकऱ्या सुटत गेल्या. समाजात त्याला तिरसट, आळशी, कोणी दारुड्याही म्हणू लागले. तो दारूला शिवत नसे. मावशी वारल्या. आम्ही त्याला रस्त्यात पाहत असू आणि दुसऱ्या बाजूने जात असू, हेही येथे लिहिले पाहिजे.

एप्रिल २०२१ मध्ये, योम हाझिकारोनच्या आदल्या दिवसांत, पेताह तिक्वा येथे पुनर्वसन खात्याच्या कचेरीसमोर एका माजी जवानाने स्वतःला पेटवून घेतले. २०१४ च्या गाझातील लढाईनंतर तो मनाच्या जखमेने आजारी होता. तो वाचला, पण साऱ्या देशाला धक्का बसला. त्यानंतर सरकारने 'नेफेश अहत' नावाची सुधारणा हाती घेतली, म्हणजे मनाच्या जखमेसाठी झगडणाऱ्या माणसास कचेरीने शत्रूसारखे न वागवता आधार द्यावा. त्या दिवसांत आमच्या शेजाऱ्याची बहीण आमच्याकडे आली आणि म्हणाली, "माझ्या भावाचंही तेच आहे. चाळीस वर्षं झाली. आता कोण ऐकणार?"

कायद्यात मुळात चाकरी संपल्यापासून ३ वर्षांत अर्ज करावा असे होते, पण उशिराचे कारण पटल्यास तो माफ करण्याची सोयही होती. आम्ही तिघे बसलो. त्याच्या तुकडीतील एका सोबत्याचा शोध लावला, त्याने पत्र लिहून दिले. गिरणीच्या दवाखान्यातील जुन्या नोंदी निघाल्या, त्यात 'झोप नाही, हात थरथरतात' असे १९८३ साली लिहिलेले होते. बहिणीने घरातली हकीकत लिहिली. आम्ही आमच्या हाताने लिहिले की १९८२ साली हा मुलगा आम्हांस दाखवला होता आणि आम्ही त्यास उपचारास पाठवले नाही. पहिला अर्ज नाकारला गेला. अपिलात मंजूर झाला. टक्का किती ठरला ते येथे सांगण्याचे कारण नाही. कागद हाती आला तेव्हा तो बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी ढोंग करत नव्हतो. सरकारनं लिहून दिलंय."

चाळीस वर्षे त्याला हे एक वाक्य हवे होते. ते त्याला १९८२ साली मावशींच्या स्वयंपाकघरात फुकट देता आले असते.

आता काय करावे

७ ऑक्टोबर २०२३ नंतर या देशात जखमी सैनिकांची संख्या किती वाढली ते सर्वांस ठाऊक आहे. २०२५ साली संरक्षण मंत्रालयाने सांगितले की युद्ध सुरू झाल्यापासून २० हजारांहून अधिक नवे जखमी पुनर्वसन खात्याकडे आले आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना मनाचा त्रास आहे. त्यांत आपली मुले आहेत. दिमोना, अश्दोद, लोद, रमले, किर्यात गात, बेअरशेवा, कोणत्याही गावच्या आपल्या प्रार्थनालयात शब्बाथच्या सकाळी पाहा. पूर्वी पुढे बसणारा एखादा तरुण आता दाराजवळ बसतो आणि तोराह बाहेर काढण्याआधीच निघून जातो. त्याला आपण उनाड म्हणू नये.

मलिद्याच्या घरी त्या आईला आम्ही जे सांगितले ते येथे लिहितो. त्याला आजार आहे, तो खरा आहे, तो चाकरीत झालेला आहे आणि त्याच्यावर उपचार आहेत. तो स्वतः बोलेपर्यंत खोदून विचारू नका, पण एकटे सोडू नका. जीव नकोसा झाल्यासारखे बोलू लागला तर थांबू नका, त्याच रात्री मदत मागा. १९९८ पासून 'नाताल' ही संस्था युद्धाच्या मानसिक आघातावर काम करते, तेथे दूरध्वनीवर बोलता येते आणि घरच्या माणसांनाही बोलता येते. चाकरीतले वैद्यकीय कागद, सुटीचे दाखले, सोबत्यांची नावे एका पाकिटात जपून ठेवा. अर्ज नाकारला गेला तर तो शेवट समजू नका, अपील असते. अपंग सैनिकांची संघटना याच कामासाठी आहे.

आपल्या मंडळांनाही एक विनंती आहे. आपण प्रत्येक गावात कीर्तने करतो, सहली काढतो, शिम्हाथ तोराहला जेवणे घालतो. त्यांतच दोन माणसे अशी नेमावीत, ज्यांना हिब्रूतले अर्ज नीट भरता येतात आणि मराठीत आईबापांशी बोलता येते. निवृत्त परिचारिका, कारकून, शिक्षक आपल्यात पुष्कळ आहेत. कचेरीत जाताना मुलाबरोबर आणि आईबरोबर जावे, बाहेरच्या बाकावर बसून राहावे. वलंगकरांसारखे मोठे काम आपल्याकडून होईल न होईल, बाकावर बसणे तर होईल. लग्न जुळवताना मुलीकडच्यांनी मुलाच्या उपचाराविषयी कळले तर मागे हटू नये. उपचार घेणारा मुलगा न घेणाऱ्यापेक्षा शहाणा आहे, हे आम्ही पस्तीस-चाळीस वर्षे खाटांमधून फिरून सांगतो आहोत.

त्या मुलाचा अर्ज अजून चालू आहे. दर मंगळवारी तो उपचारांना जातो. पहिल्या चार वेळा आई व आम्ही बरोबर गेलो, पाचव्या वेळी तो म्हणाला, "आंटी, आज मी एकटा जातो." गेल्या महिन्यात त्या घरी पुन्हा मलिदा झाला, या वेळी कोणाचा नवस नव्हता, नुसता घरच्यांना करावासा वाटला म्हणून. त्याने खजूर खाल्ला आणि खोलीत न जाता गॅलरीत आमच्याजवळ येऊन बसला. आजीच्या आजोबांच्या भुवईवरील व्रणाची गोष्ट आम्ही त्याला सांगितली. त्याने विचारले, त्यांना तो कुठल्या लढाईत झाला? ते आमच्या आजीलाही ठाऊक नव्हते. कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितले नव्हते.